कॅराव्हॅनला वाळू नको, वाळूमागची कठीण जमीन द्या

प्रति,
मा. संचालक, पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन
तसेच सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य

सप्रेम नमस्कार.

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. २०२५ मध्ये पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. पन्हाळा बघायचा, घाट उतरून विजयदुर्ग गाठायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत जायचं, ही वाट आता आणखी लोक धरणार. चाकांवरचं घर घेऊन जायला याहून चांगला मार्ग आमच्या माहितीत नाही. एका बाजूला जांभ्याचे कडे, खाली खडकांवर फुटणारं पाणी, मधेच एखादी वाळूची पुळण आणि संध्याकाळी जेटीवर उतरलेली मासळी. पण रात्री गाडी कुठे लावायची, पाणी कुठे भरायचं, टॉयलेटची टाकी कुठे ओतायची, याचं उत्तर या पट्ट्यात जवळपास कुठेच मिळत नाही. मग गाडी सरळ वाळूवर जाते आणि तिथून सगळे प्रश्न सुरू होतात.

आम्ही कोल्हापुरात अशा गाड्या बांधतो, दुरुस्त करतो आणि चालवतो. गाडीचा कुठला भाग कोकणात कशाने बिघडतो, हे रोज आमच्या हाताखालून जातं. आमची मागणी छोटी आहे. आठ ते दहा गाड्यांचे थांबे करा. ते पुळणीच्या मागे, जांभ्याच्या कठीण जमिनीवर असावेत आणि मासळी उतरते तिथून पायी जाण्याइतके जवळ असावेत. लॉन, स्वागतकमान, तंबूंची रांग यांतलं काही लागत नाही. लागतं ते पुढे मापासकट लिहितो.

आधी वाळूचं. सामान भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन साडेतीन ते पाच टन असतं आणि त्यातला मोठा वाटा मागच्या एक्सलवर येतो. रस्त्यासाठी भरलेली हवा तशीच ठेवून कोरड्या वाळूत शिरलं की चाक पुढे जायच्या ऐवजी खाली खणतं आणि दोन-तीनदा रेस केल्यावर गाडी पोटावर बसते. ओली वाळू पायाला टणक लागते, म्हणून लोक तिच्यावर भरवसा ठेवतात. पण भरती चढताना पाणी खालून वर येतं, वाळू सैल होते आणि उभ्या गाडीचीच चाकं रुतत जातात. सिंधुदुर्गात उधाणाला पाणी साधारण दोन ते अडीच मीटर चढतं. उभं माप म्हणून हे थोडं वाटतं. पण एकास तीस उताराच्या पुळणीवर तेच पाणी साठ-सत्तर मीटर आत येतं. ओहोटीला लावलेली गाडी पहाटे पाण्यात उभी असते ती यामुळे.

घाटावरच्या माणसाला भरती-ओहोटीची सवय नसते. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, बारानंतर तेवढ्या तासांनी भरती. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार. पुढची भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी, आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकत जायचं. सिंधुदुर्गात प्रत्यक्ष वेळ यापेक्षा थोडी आधी येते, तेव्हा हा हिशेब अंदाजापुरताच. प्रत्येक थांब्यावर एक काळा फळा लावून त्यावर रोजच्या दोन भरत्यांची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून खडूने लिहावी. जवळच्या पुळणीवर पाण्याला ओढ कुठे असते तेही त्याच फळ्यावर असावं. पाणी आत ओढायला लागलं की किनाऱ्याकडे सरळ पोहत सुटू नये, आधी किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाहेर पडावं, हे वाक्य मोठ्या अक्षरांत हवं. कोल्हापूर-सांगलीकडची तरणीताठी पोरं कोकणात बुडतात. विहिरीत आणि नदीत शिकलेलं पोहणं तिथे पुरत नाही.

वाळूवर गाडी नको म्हणण्याचं दुसरं कारण आमच्या गाड्यांपेक्षा मोठं आहे. वायंगणी, तांबळडेग अशा पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात. घरटं वाळूत हाताभर खोल असतं आणि वरून काहीच दिसत नाही. चाक गेलं की वाळू दबते, अंडी फुटतात किंवा पिल्लांना वर येता येत नाही. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात. समुद्राच्या पाण्याची चमक त्यांना वाट दाखवते. पुळणीमागे पांढरे एलईडी जळत असले तर ती उलट दिशेला जातात आणि सकाळपर्यंत मरतात. म्हणून थांब्यावरचे दिवे गुडघाभर उंचीचे, पिवळे-तांबडे आणि वरून झाकलेले असावेत. समुद्राच्या बाजूला एकही दिवा नसावा. पुळणीकडे जाणाऱ्या वाटेवर दोन जांभे रोवले की माणूस जातो, गाडी जात नाही. खर्च काहीच नाही.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जागा निवडताना आणखी एक काळजी हवी. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली जुनी चित्रं, आहेत. कशेळी, बारसू, उक्षी आणि मालवण तालुक्यातलं कुडोपी यांसारखी ठिकाणं २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. माहीत असलेल्या ठिकाणांना कुंपण घालता येतं. मातीखाली, गवताखाली अजून किती आहे याची कुणालाच कल्पना नाही. तेव्हा जेसीबी लावण्याआधी गावातल्या गुराख्यांना विचारा, पुरातत्त्व खात्याच्या माणसाला सड्यावर चालवा, आणि मगच रोलर फिरवा.

आता घाट. आम्हाला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते यावर, कारण कोल्हापूरकराची कोकणसहल सुरू होते ती उतारावर.

कोल्हापुरातून किनाऱ्याला जायला पाच-सहा वाटा आहेत, पण कॅराव्हॅनला सगळ्या चालत नाहीत. रत्नागिरीकडे जायचं तर आंबा घाट. देवगड-विजयदुर्गाकडे गगनबावड्यावरून करूळ. मालवणला राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा. वेंगुर्ला-शिरोड्याला आजऱ्यावरून आंबोली. भुईबावडा अरुंद आहे आणि वळणावर मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या पलीकडे आलेला भाग, घासतो. तिलारीचा उतार तर लांब गाडीने घ्यायचाच नाही. फोंड्याची वाट सुंदर आहे, पण दाजीपूरच्या जंगलात रात्री रस्त्यावर गवे येतात आणि पहाटे धुकं इतकं दाट असतं की दिवे असून उपयोग नसतो. त्या रस्त्याने दिवसाच जावं. करूळ घाट रुंदीकरणासाठी २०२४ मध्ये बराच काळ बंद होता, आणि पावसाळ्यात दरड आली की कुठलाही घाट बंद होतो. ही माहिती आज लोकांना घाटाच्या तोंडाशी पोहोचल्यावर कळते. मग आठ मीटरची गाडी वळवायची कुठे? कोल्हापुरात शहर सोडतानाच, गगनबावडा आणि राधानगरीकडे फुटणाऱ्या रस्त्यांवर, ‘आज कोणता घाट चालू’ असा एक फलक हवा. तो सुरू करायला संचालनालयाचं एक पत्र पुरेल.

घाटात ब्रेक जातात ते वजनामुळे आणि सवयीमुळे. सवय अशी की गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सोडायची आणि पाय ब्रेकवर ठेवून उतरायचं. पाच-सहा किलोमीटरमध्ये ड्रम तापतो, लायनिंग गुळगुळीत होतं, ब्रेक ऑइलला उकळी येते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे या गाड्यांना बहुतेक वेळा दुसरा. ब्रेक थोडा, पण जोराने दाबायचा आणि सोडायचा. जळका वास आला की रुंद जागा बघून अर्धा तास थांबायचं. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तो तडकतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर त्यात हवेतली ओल शिरलेली असते आणि ते लवकर उकळतं, म्हणून घाटाच्या सहलीआधी ते बदलून घ्यावं.

वजनात लबाडी करतं ते पाणी. दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलो, आणि जागेच्या सोयीसाठी ती बहुतेक गाड्यांत मागच्या एक्सलच्या वर किंवा मागे बसवलेली असते. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी झोकांडते. टाकीत भोकं पाडलेल्या आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, असतील तर ते कमी होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत टाकी करून घेताना त्या मागून घ्याव्या लागतात. सर्वांत बरं म्हणजे कोल्हापुरातून पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा एक कॅन घेऊन निघायचं आणि टाकी घाट उतरल्यावर भरायची. पण लोक घरूनच भरून घेतात, कारण खाली भरायला ठिकाण नाही. वैभववाडी, फोंडा आणि साखरपा या तीन ठिकाणी पाऊण इंची नळ, पंचवीस फूट पाइप आणि गाडी उभी राहील एवढी जागा दिलीत तर तीन घाटांतून गाड्या दीड-दीडशे किलो हलक्या उतरतील. पैसे घेऊन पाणी द्या. लोक आनंदाने देतील.

थांब्याच्या जागेची मापं अशी. एका गाडीला नऊ मीटर लांब आणि पाच मीटर रुंद जागा, म्हणजे बाजूला छत काढून चूल मांडता येते. उतार पन्नासाला एक. त्याहून सपाट केली तर पावसाचं पाणी साचतं, त्याहून तिरकी असली तर झोपलेल्या माणसाचं डोकं खाली येतं आणि चुलीवरचं तेल एका बाजूला गोळा होतं. खाली सहा इंच जांभ्याचे तुकडे, वर दोन इंच मुरूम, पाणी मारून रोलर. काँक्रीट नको, उन्हात तापतं आणि पाणी जिरू देत नाही. फाटक चार मीटर रुंद. आणि उंची विसरू नका. छतावर एसी असलेली गाडी तीन मीटरच्या वर जाते. कोकणातल्या वाडीत रस्त्यावरून घराला गेलेली सर्व्हिस वायर आणि वाकलेल्या माडाची झावळं नेमकी त्याच उंचीवर असतात. दोन्ही बाजूंना दगडी गडगे असलेल्या तीन मीटरच्या बोळात समोरून एसटी आली तर मागे जायला अर्धा किलोमीटर लागतो. त्यामुळे जागा कितीही देखणी असली तरी पोहोचरस्ता आधी बघा. देवबागची पट्टी याचं उदाहरण. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे एक चिंचोळा रस्ता. माणसांनी तिथे जरूर जावं. कॅराव्हॅनचा थांबा तिथे नको.

सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, प्रश्न अधिकारी लगेच काढतात. तो रास्त आहे, पण आम्ही मागतोय त्यात भरतीरेषेलगत पक्कं बांधकाम काहीच नाही. पक्का आहे तो सेप्टिक टँक, आणि तो मागे, गावाच्या बाजूलाच असायला हवा.

त्या टँकबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण गावांचा खरा विरोध तिथून येतो आणि तो बरोबर आहे. कॅराव्हॅनच्या टॉयलेटची सरकती टाकी वीस लिटरची असते. चार माणसांत ती दीड-दोन दिवसांत भरते. ओतायला जागा नसली की ती रात्री खाडीत, ओढ्यात किंवा कुणाच्या तरी बागेत रिकामी होते. हे घडतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. उपाय साधा आहे. दीड फूट लांब-रुंद चेंबर, त्याला झाकण, तळातून चार इंची पाइप थेट सेप्टिक टँकमध्ये, शेजारी टाकी विसळायला वेगळा नळ. हा नळ पिण्याच्या नळापासून लांब आणि लाल रंगाचा असावा, कारण टाकी विसळलेल्या हातानेच दुसरा माणूस पिण्याचं पाणी भरायला येतो.

टाकीत जे निळं औषध घालतात त्यात फॉर्माल्डिहाइड असेल तर ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं. दहा गाड्यांचं औषध रोज पडलं तर टँक महिन्याभरात नुसतं मैल्याचं भांडं होऊन बसेल आणि वास गावभर जाईल. फाटकावरच विचारा, बाटली बघा, आणि एन्झाइमचं औषध वापरणाऱ्यालाच आत घ्या. शोषखड्डा विहिरीपासून किमान तीस मीटर लांब. जांभा सच्छिद्र असतो, त्यातल्या भेगांमधून पाणी कुठे वाट काढेल सांगता येत नाही. म्हणून उताराच्या वरच्या अंगाला विहीर आणि खालच्या अंगाला खड्डा, हा क्रम कधीही उलटा होऊ नये.

किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणीही जपून वापरायला हवं. तिथे गोड पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. पंप लावून भराभर उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर मचूळ होते. दहा गाड्यांना शंभर-शंभर लिटर म्हणजे रोज हजार लिटर. एप्रिल-मे महिन्यांत तेवढा उपसा वाडीच्या विहिरीतून करू नये. गावाच्या नळयोजनेत शिल्लक नसेल तर त्या दोन महिन्यांत थांबा निम्म्या गाड्यांवर चालवा.

विजेचं थोडक्यात. पन्नास लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज कोकणच्या उकाड्यात निम्मा वेळ चालू असतो आणि दिवसाला पाचशे ते सहाशे वॅट-तास खातो. पंखा, दिवे, मोबाइल धरून आठशे. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी दीड दिवस पुरते, आणि छतावर दोनशे वॅटचं पॅनल असलं तर उघड्यावर हिशेब जुळतो. माडाच्या सावलीत लावली की जुळत नाही, आणि उन्हाळ्यात सगळे सावलीतच लावतात. एसी तर बॅटरीवर रात्रभर चालतच नाही. म्हणून प्रत्येक जागेला सोळा अँपिअरचं एक सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि वीज गळाली की पुरवठा तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. अर्थिंगकडे खास लक्ष द्या. सुक्या जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. मार्चनंतर खड्ड्यातली माती सुकली की गाडीच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. खड्डा खोल घ्या आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात ओतायचं काम एका माणसाला नेमून द्या.

आता मासळी, जिच्यासाठी निम्मे लोक येतात.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते, देवगडला आणि वेंगुर्ल्याला होड्या लागतात, लिलाव होतो, आणि मग मासे विकणाऱ्या बायकांकडे वाटे लागतात. कॅराव्हॅनवाल्याने लिलावात घुसू नये. वाट्यावरून घ्यावं आणि तिथेच कापून घ्यावं. त्या कापणावळीचे चार पैसे त्या बाईला मिळतात आणि खवले, कल्ले, आतडी गाडीपाशी येत नाहीत. थांब्यावर माशाची घाण पडली की पहिल्या रात्री मांजरं, दुसऱ्या रात्री कुत्री आणि तिसऱ्या दिवशी माशा. तरीही घाण निघालीच तर माडाच्या आळ्यात दोन फूट खोल पुरावी. माडाला ते खत होतं. एक फूट पुरली तर कुत्री उकरतात.

बांगडा घेताना डोळा फुगीर आणि काळा, कल्ला उघडून लाल, आणि अंगठा दाबला तर खळगा न राहणारा घ्यावा. सुरमईच्या (मालवणीत इसवण) तुकडीला हाडापाशी तपकिरी रेघ दिसली तर ती कालची. पिल्लं घेऊ नयेत. पापलेटला राज्याने २०२३ मध्ये राज्यमासा केलं, आणि तळहातात मावणारी पापलेटं आजही वाट्यात दिसतात. ती गिऱ्हाईकानेच नाकारली तर पकडणारा पुढच्या वेळी विचार करेल. पोटाखाली अंडी धरलेली कुर्ली (खेकडा) किंवा शेवंडही (लॉबस्टर) परत करावी.

बर्फाचा नियम एकच: जेवढी मासळी तेवढाच बर्फ, किलोला किलो. तळाला बर्फ, वर साफ केलेले मासे, पुन्हा बर्फ. डब्याला खाली तोटी आणि तोटीखाली कॅन, म्हणजे वितळलेलं पाणी माशांत साचत नाही आणि घाटात रस्त्यावरही सांडत नाही. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे तीन-चार तास गरमीत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन हा बाधणारा पदार्थ तयार होतो. मासा शिजवला, तळला तरी तो जात नाही आणि वासावरूनही कळेलच असं नाही. जेवल्यावर तासाभरात तोंड लाल, अंगाला खाज, डोकं ठणकणं. लोक त्याला ‘मासळी बाधली’ म्हणतात आणि दोष मसाल्याला देतात. पहाटे घेतलेला बांगडा कोल्हापूरपर्यंत न्यायचा असेल तर बर्फ विकत घेतल्याशिवाय जेटी सोडू नये. मात्र मासळीसाठीच्या कारखान्यातला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. तो सरबतात घालायचा नाही, हे थांब्यावर लिहून लावा.

तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, घेतल्या तर लिटरला तीस ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात तीन तास अंधारात ठेवाव्यात, मधे एकदा पाणी बदलावं. गोड्या पाण्यात ठेवल्या तर त्या मरतात आणि रेती पोटातच राहते. शिजवण्याआधी उघडी दिसेल तिला टिचकी मारावी. मिटली नाही तर टाकून द्यावी. झाकण घालून पाच मिनिटं वाफ दिल्यावर जी उघडणार नाही तीही टाकावी. खडकावरची कालवं पायाला ब्लेडसारखी कापतात, जाड तळाच्या चपलेशिवाय त्या खडकांवर उतरू नये. गावाच्या गटाराचं पाणी जिथे खाडीला मिळतं तिथली शिंपली तर अजिबात खाऊ नयेत.

स्वयंपाक गाडीत केला की तळणाचा वास गाद्यांच्या फोममध्ये सहा महिने राहतो. बाहेर केला तर खाऱ्या वाऱ्यात गॅस दुप्पट जळतो. म्हणून दोन-तीन गाड्यांत मिळून एक ओटा हवा: तीन बाजूंनी कमरेपर्यंत जांभ्याची भिंत, वर पत्रा, एक सिंक, आणि सिंकच्या पाण्याला जाळी आणि चरबी अडवणारं चेंबर. तिथे तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं पंधरा मिनिटांत एका भांड्यात होतं. आपल्या कोल्हापूरकरांना एवढीच विनंती की कांदा-लसूण चटणी मटणाला राहू द्या. ताज्या माशाला ओलं खोबरं, सोलं आणि थोडी मिरची पुरते.

गॅसची टाकी गाडीत उभी, बांधलेली, आणि तळाशी गाडीबाहेर उघडणारा झरोका असलेल्या बंद कप्प्यात हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. वरची खिडकी उघडून तो जात नाही. चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद. आणि कोळशाची शेगडी थंडीसाठी गाडीच्या आत कधीही नेऊ नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू निघतो आणि दारं लावून झोपलेली माणसं उठत नाहीत. गाडीची नोंदणी करताना तळाचा झरोका, कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा आणि दोन किलोचं अग्निशामक एवढं तरी प्रत्यक्ष तपासा.

वेळापत्रकाबद्दलही खरं सांगायला हवं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ‘ताज्या सुरमईची’ जाहिरात करणारा थांबा बाहेरून आलेला बर्फातला मासा विकणार. तेव्हा खाडीतलं जे मिळेल ते, सुकट, सोडे आणि सुका बांगडा असतो, आणि तोही उत्तम लागतो, पण तसं छापा. जून ते सप्टेंबर पुळणीजवळचे थांबे बंद ठेवा. महाशिवरात्रीला कुणकेश्वराची यात्रा असते, त्या दिवसांत देवगडकडे कॅराव्हॅन पाठवू नका. तो रस्ता यात्रेकरूंचा आहे.

सुरुवात दोनच ठिकाणांनी करा. एक विजयदुर्ग-गिर्ये बाजूच्या सड्यावर, दुसरा मालवण शहराबाहेर, ग्रामपंचायतीच्या ताब्यात आणि गावातल्या बचत गटाच्या हाती. भाडं गावाने ठरवावं. जागा नक्की करण्याआधी आठ मीटर लांब आणि सव्वातीन मीटर उंच गाडी त्या पोहोचरस्त्यावरून एकदा नेऊन बघा, शक्यतो संध्याकाळच्या एसटीच्या वेळी. गाडी, चालवणारा माणूस आणि मापाची टेप कोल्हापुरातून आम्ही घेऊन येतो. तुम्ही तारीख कळवा.

आपले,
कोल्हापुरातले कॅराव्हॅन बांधणारे, दुरुस्त करणारे आणि चालवणारे